नाकापेक्षा इंजेक्टर जड

एखादा पार्ट बदलायची वेळ आली की आपण सगळेच एक गोष्ट हमखास करतो. जुना होता तसाच नवा आणत नाही, "आता बदलतोच आहोत तर जरा मोठा घेऊ" म्हणतो. इन्व्हर्टर, फ्रिज, बाईकचा टायर, काहीही घ्या. बहुतेक वेळा त्यात फार बिघडत नाही, चार पैसे जास्त जातात एवढंच. पण हीच सवय घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनाला लावली तर भलतंच होऊ शकतं. आजचा लेख त्यावर. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शनिवारची भाजी आणायचीये ते लवकर सुटतील: विमानाचे इंजेक्टर निवडताना "पॉवर किती मिळेल?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न "यातला एक मेला तर मी खाली सुखरूप उतरेन का?" हा.

आता जालन्याच्या पोराला विमानाच्या इंजेक्टरचं काय पडलंय, असं वाटणं साहजिक आहे. मी शिकलो मेकॅनिकल, पोट भरतो सॉफ्टवेअरवर (आमच्या बॅचचे निम्मे असेच). माझा मावसभाऊ मूळचा परतूरचा, सध्या टेक्सासात. तिकडे गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने दोन सीटचं विमान बांधणं हा रीतसर छंद आहे. १९५३ साली सुरू झालेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही त्यांची जुनी संघटना, आणि विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात त्यांची जत्रा भरते. दादाने विमानात माझदाचं १३बी रोटरी इंजिन बसवलंय. जुन्या इंजिनासोबत आलेले इंजेक्टर गळायला लागले, म्हणून नवे घ्यायचे आहेत, आणि कुठले घ्यायचे यावर गेले दोन महिने आमचं फोनवर भांडण चालू आहे. दुसऱ्या सीटवर त्याची बारा वर्षांची मुलगी बसणार आहे, त्यामुळे मी गप्प बसणार नाहीये.

आधी इंजेक्टर म्हणजे काय ते थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाले. म्हणजे त्यानंतर घेतलेली तुमची पेट्रोलची बाईक खाली पार्किंगमध्ये उभी असेल तर तिच्यात बहुधा इंजेक्टर आहे. तो म्हणजे विजेवर चालणारा इवलासा नळ. मागे पंपाने दाबून ठेवलेलं पेट्रोल असतं. कॉम्प्युटर म्हणतो "उघड", नळ काही मिलिसेकंद उघडतो, पेट्रोलचा फवारा उडतो, नळ बंद. किती पेट्रोल गेलं हे कोणी मोजत नाही. कॉम्प्युटर फक्त वेळ मोजतो आणि धरून चालतो की एवढ्या वेळात एवढं गेलं असणार. हे "धरून चालणं" लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यात आहे.

रोटरी इंजिन ही जरा वेगळीच वल्ली. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून १९५७ साली पहिलं इंजिन फिरलं. १९६७ पासून माझदाने ते गाड्यांमध्ये घातलं आणि १९९१ साली ले मान्सची २४ तासांची शर्यत चार रोटरच्या गाडीने जिंकली. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. त्रिकोणी रोटर एका लांबट घरात फिरतो. हलणारे भाग थोडे, आकार आटोपशीर, ताकद भरपूर. म्हणून विमान बांधणाऱ्यांपैकी काहींना त्याचं वेड लागतं. १३बी मध्ये असे दोन रोटर असतात आणि टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन, असे एकूण चार इंजेक्टर. कमी पॉवरला एक जोडी काम करते, जास्त पॉवर मागितली की दुसरी जोडी मदतीला येते. एकेकाची क्षमता मिनिटाला साधारण ४६० सीसी.

याची दुखरी नस एकच. पेट्रोल कमी पडलं, म्हणजे मिश्रण पातळ झालं की आतलं तापमान वाढतं, स्फोट नको तेव्हा होतो आणि रोटरच्या टोकावरच्या पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या तुटू शकतात. म्हणजे या इंजिनाचा जीव पेट्रोलच्या मापात, आणि ते माप इंजेक्टरच्या हातात.

तर दादाचा बेत असा: चार जुने काढायचे, त्याऐवजी १००० सीसीचे दोनच मोठे बसवायचे, प्रत्येक रोटरला एक. "पुढेमागे टर्बो लावला तर परत बदलायला नको." आयटीवाल्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. क्लायंटने न मागितलेल्या फीचरसाठी आज आर्किटेक्चर फुगवणारा एक तरी आर्किटेक्ट प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो :-)

पण त्याच्या बाजूने एक मुद्दा खरंच वजनदार आहे, आणि तो मी मान्य करतो. दोन इंजेक्टर म्हणजे निम्मी वायरिंग, निम्मी कनेक्टर, पेट्रोल गळण्याच्या निम्म्या जागा. विमानात प्रत्येक सांधा ही बिघडण्याची एक जागा असते. कमी भाग म्हणजे कमी भानगडी. हे तत्त्व चुकीचं नाही. फक्त इथे ते हिशोबाला टिकत नाही. हिशोबच करू.

समजा पूर्ण पॉवर १८० हॉर्सपॉवर. रोटरी तसं खादाड, तेव्हा दर हॉर्सपॉवरला तासाला २५० ग्रॅम पेट्रोल धरू. झाले ४५ किलो, म्हणजे तासाला साधारण ६१ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १०१० सीसी. प्रत्येक रोटरला ५०५. चार जुन्यांची मिळून क्षमता १८४०. म्हणजे पूर्ण पॉवरलाही ते निम्म्याहून थोडा जास्त वेळच उघडे असतात. आरामात. टर्बो नसेल तर मोठ्यांची गरजच नाही, हे पहिल्याच ओळीत संपलं.

आता बिघाडाकडे. इंजेक्टर दोन तऱ्हेने मरतो. एक, उघडतच नाही (कचरा अडकला, वायर तुटली). दोन, उघडाच राहतो.

उघडतच नसेल तर: दोनवाल्या रचनेत एक रोटर सरळ मेला. अर्धं इंजिन गेलं, वर ते मेलेलं अर्धं फिरवायला जिवंत अर्ध्याची ताकद खर्च होणार. टेकऑफनंतर दोनशे फुटांवर हे झालं तर करण्यासारखं काहीही उरत नाही. चारवाल्या रचनेत त्या रोटरला निम्मं पेट्रोल मिळेल आणि तोही अडखळेल. पण इथे वैमानिकाच्या हातात एक बटण असतं, ती जोडीच्या जोडी बंद करायचं. कॉम्प्युटर मग उरलेल्या जोडीला जास्त वेळ उघडं ठेवतो आणि दोन्ही रोटर पुन्हा नीट चालतात. दोघांची क्षमता ९२०, त्यातली ८५ टक्के वापरता येते असं धरलं तर ७८० सीसी. त्यात साधारण १४० हॉर्सपॉवर निघते. दोन सीटचं हलकं विमान यावर उडतं, वर चढतं आणि घरी येतं. अट एकच: दोन्ही जोड्यांच्या वायरी आणि फ्यूज वेगवेगळे हवेत. एकाच फ्यूजवर चारही टाकले तर चार असून उपयोग शून्य.

उघडाच राहिला तर: ४६० चा इंजेक्टर सतत वाहिला तरी मिनिटाला ४६०. त्या रोटरची पूर्ण पॉवरची गरज ५०५. म्हणजे थ्रॉटल उघडा ठेवला, दुसरी जोडी बंद केली, तर तो रोटर चालत राहू शकतो. पण १००० चा उघडा राहिला तर? एका रोटरच्या पोटात अख्ख्या इंजिनाचं पेट्रोल. तो बुडालाच. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. मोठ्या इंजेक्टरचा मोठेपणा नेमका त्याच दिवशी अंगावर येतो.

मोठ्याचा आणखी एक त्रास धावपट्टीच्या जवळ आल्यावर कळतो. उतरताना इंजिन आळसावलेलं असतं, पेट्रोल अगदी थोडं लागतं. लहान इंजेक्टर त्यासाठी सुमारे ३ मिलिसेकंद उघडतो. १००० वाल्याला तेवढंच पेट्रोल द्यायला दीडपेक्षाही कमी वेळात उघडून बंद व्हावं लागतं. उघडायलाच बिचाऱ्याला मिलिसेकंदभर जातो! एवढ्या छोट्या वेळात कुठलाच इंजेक्टर दर वेळी सारखं माप देत नाही. इंजिन धडधडायला लागतं, तेही नेमकं जमिनीजवळ.

बरं, दोनच्या ऐवजी चार घ्यायचे ठरले, तरी "कनेक्टर बसला म्हणजे पार्ट चालला" असं नसतं. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये लायब्ररी बदलली होती. फंक्शनची नावं तीच, पॅरामीटर तेच, कंपाईल पहिल्या फटक्यात. फक्त उत्तर द्यायला काही मिलिसेकंद जास्त घ्यायची. दिवसा कळलं नाही, रात्रीच्या लोडला सगळं कोसळलं. इंजेक्टरचं अगदी तसंच. तोंड तेच, आतला स्वभाव वेगळा. तीन गोष्टी बघायच्या.

एक, कॉइलचा रोध. काही इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे, काही २-३ ओहमचे. पहिल्यांना १४ व्होल्टवर साधारण १ अँपिअर लागतो. दुसरे सरळ लावले तर पाच-सहा अँपिअर खेचतात आणि ते सांभाळायला न बनवलेला ड्रायव्हर जाळून टाकतात.

दोन, उघडायला लागणारा वेळ. वर म्हटलेला तो मिलिसेकंद प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि व्होल्टेज उतरलं की वाढतो. हवेत अल्टरनेटर गेला, बॅटरी हळूहळू खाली आली, तर इंजेक्टर उशिरा उघडणार, पेट्रोल कमी जाणार, मिश्रण पातळ होणार. कॉम्प्युटर ही भरपाई करतो, पण त्याच्याकडे त्याच इंजेक्टरचा तक्ता असेल तर. तक्ता जुन्याचा आणि नळ नवा असेल तर तो मन लावून चुकीची भरपाई करत राहतो.

तीन, प्रेशर. "५५० सीसी" असं लिहिलेलं असतं ते कुठल्या प्रेशरवर? प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारऐवजी ४ बारवर मोजला की तोच इंजेक्टर १५ टक्के मोठा दिसतो. विकणाऱ्याने प्रेशर लिहिलं नसेल तर तो आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला पगार समजायचा.

आता जालन्याकडे येऊ, कारण या विषयातला सगळ्यात शहाणा माणूस मला टेक्सासात नाही, अंबड चौफुलीजवळ भेटला. जालन्याला लोक स्टीलच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांसाठी ओळखतात, पण आजूबाजूच्या तालुक्यांतले ट्रॅक्टर चालतात ते पंप-नोझलवाल्यांच्या जिवावर. दिवाळीत घरी गेलो तेव्हा अशाच एका मिस्त्रींच्या दुकानात तासभर बसलो. डिझेल पंप टेस्ट बेंचवर चढवलेला, समोर काचेच्या नळ्या, प्रत्येक सिलिंडरची एक. पंप ठराविक फेरे फिरवायचा आणि नळ्यांत डिझेल किती जमलं ते डोळ्यांसमोर बघायचं. मी विचारलं, "मामा, जास्त डिझेल सोडलं तर ट्रॅक्टर जास्त ओढंल ना?" ते हसले. "इंजिनिअर साहेब, आधी चारही नळ्या सारख्या येऊ द्या. कमी-जास्त मागून बघता येतं. तीन सारखे अन् एक येगळा, तर त्यो एकच इंजिन खातो."

अख्खं एअरोस्पेस या एका वाक्यात आलं. ४६० की ५५० हा वाद दुय्यम आहे. चारही एकमेकांसारखे आहेत का, हा खरा प्रश्न. कॉम्प्युटर चौघांना सारखाच वेळ देतो, कारण त्याने धरून चालायचं ठरवलंय. त्यातला एक १० टक्के कमी देत असेल तर त्याचा रोटर मुकाट्याने पातळ चालतो आणि डॅशबोर्डवर सरासरी छान दिसते. सरासरीने मॅनेजर खूश होतात, एपेक्स सील होत नाही.

गाडीत हे खपून जातं. गाडी पूर्ण ताकदीवर किती वेळ असते? ओव्हरटेक करताना दहा सेकंद. विमान मात्र टेकऑफला पूर्ण आणि नंतर तासन्‌तास ६५-७५ टक्के पॉवरवर चालतं. शर्यतीच्या गाड्यांच्या अनुभवावरून विमानाचे इंजेक्टर निवडायचे म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याला विचारून पंढरीच्या वारीचे जोडे घ्यायचे.

आणि हेच विमान कधी जालन्यात उडवायचं म्हटलं तर पेट्रोलचा प्रश्न आहेच. आता पंपावर मिळतं ते साधारणपणे २० टक्के इथेनॉलचं. आमच्या अंबड-घनसावंगीकडच्या उसाला त्यातून भाव मिळत असेल तर आनंदच आहे, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे तेवढ्याच पॉवरसाठी सुमारे ७ टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. वर काढलेले १४० हॉर्सपॉवर मग १३० वर येतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या ओ-रिंगांशी त्याचं पटत नाही. तेव्हा इंजेक्टरसोबत ओ-रिंग आणि फिल्टरसुद्धा त्या इंधनाला चालणारे हवेत. शंभर रुपयांच्या रबरापायी उड्डाण अडवायचं नसेल तर हा खर्च टाळायचा नाही.

"पण भारतात कोण घरी विमान बांधतंय?" असं म्हणाल तर कॅप्टन अमोल यादव यांचं नाव घ्यावं लागेल. कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली मुंबईत मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याला चाचणी झाली. आपल्याकडे त्यांच्याबद्दल बोलताना लोक पटकन "काय जबरी जुगाड!" म्हणतात. मला तो शब्द खटकतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. नोंदणी मिळालेलं विमान म्हणजे कागदोपत्री सिद्ध केलेली मोजमापं. घरी बांधणाऱ्याला मोठ्या कंपनीसारखे शंभर इंजिनिअर नसतात, म्हणून त्याने कमी मोजायचं असं नाही, उलट जास्त मोजायचं. अमेरिकेतसुद्धा रोटरीसारखं प्रमाणपत्र नसलेलं इंजिन लावलं तर पहिले ४० तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणी उड्डाणं करायची, अशी पद्धत रूढ आहे. ते ४० तास शिक्षा नाही, टेस्ट प्लॅन आहे.

मग दादाने काय करावं? माझं मत असं. आधी जुने चारही साफ करून बेंचवर चढवावेत. अल्ट्रासॉनिकने धुतल्यावर बरेच इंजेक्टर पुन्हा मापात येतात. पण प्रेशर देऊन बंद ठेवल्यावरही जो ठिबकतो, तो बाद. एक जरी बाद झाला तर चारही बदलावेत, तीन म्हातारे आणि एक तरुण असा संसार नको. नवे आजच्या बनावटीचे घ्यायला माझी हरकत नाही, त्यांचा फवारा जुन्यांपेक्षा बारीक असतो. पण क्षमता जुन्याच्याच आसपासची, रोध ड्रायव्हरला मानवणारा, उघडण्याच्या वेळेचा तक्ता विकणाऱ्याकडून लेखी, आणि लांबी व टोक जुन्यासारखंच. कारण १३बीची एक जोडी थेट मधल्या लोखंडी भागात बसते, तिथे दोन मिलिमीटरचा फरकही फवारा भिंतीवर मारतो. एक सुटा इंजेक्टर जास्तीचा घेऊन त्याच दिवशी मोजून ठेवावा. टर्बोचं टर्बो लावायच्या वर्षी बघू.

गेल्या रविवारी हा सगळा हिशोब मी त्याला पाठवला. तो म्हणाला, "बघतो." मावशीच्या घरात या शब्दाचा अर्थ "पटलंय पण लगेच मान्य करणार नाही" असा होतो. मोठ्या दोघांची ऑर्डर अजून गेलेली नाही, एवढं खरं.

विमान नसलेल्या तुम्हाआम्हाला यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला कुणी "सर, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: धुवायच्या आधी किती सीसी आणि नंतर किती? आकडे दाखवले तर खुशाल पैसे द्या. नुसतं "एकदम मख्खन चालेल" म्हणाला, तर चावी मागा आणि घरी या.